अकरा कोळ्यांतून चार

ब्लूमफाँटेन, १४ जुलै

आदरणीय राखादी सेइपाती,

वडिलांच्या बहिणीला, राखादीला, द्यावं तसं टोपी काढून, दोन्ही हात पुढे करून हे पत्र तुमच्या हातात देतो आहे असं समजावं. ईस्टरनंतर मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, याची लाज मला रोज सकाळी दात घासताना वाटते (त्या वेळी दुसरं काही करता येत नाही म्हणून असेल). फोनवर आपण बोलतो, पण ते लिहिण्यात धरता येणार नाही, कारण फोनवर तुम्हीच बोलता. कंबरेचा सांधा कसा आहे? फिक्सबर्गच्या डोंगरांवर बर्फ पडल्याचं रेडिओवर ऐकलं; कोंबड्या आत घेतल्या असतीलच. गुरुवारच्या प्रार्थनेला अजून चालतच जाता, की शेजाऱ्यांच्या गाडीत बसायला शेवटी कबूल झालात? आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या सुनेला, केनेइलोएला, सर्दी होती, ती गेली. लेकीची, तुमेलोची, परीक्षा झाली, पेपर कसे गेले ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मीही बरा आहे. (हे शेवटचं वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे. बरा आहे हे खरं आहे का, असा प्रश्न पडला होता. ताप नाही, एवढं नक्की.)

आता मुद्द्याचं. महिनाअखेर तुम्ही कंबरेच्या ऑपरेशनसाठी इकडे याल, आणि नंतर सहा आठवडे आमच्याकडेच राहाल, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तुमची खोली म्हणजे तुमेलोची खोली. ती विद्यापीठात गेल्यापासून तिथे माझे टॅरँटुला राहतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. भिंतीला लागून मांडणी, मांडणीवर अकरा डबे, प्रत्येकात हाताच्या पंजाएवढा एक केसाळ कोळी. तुम्ही येणार हे ठरलं त्याच संध्याकाळी केनेइलोए दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "चार." मी विचारलं, चार काय? "चार डबे, न्ताते. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या बोळात एक फळी लावा, तिच्यावर चार मावतात. बाकीच्यांना चांगली घरं बघा. आजारी माणसाच्या उशाशी मी तुमची फौज ठेवणार नाही." तिचं म्हणणं रास्त आहे. ते रास्त आहे हे मी तिला लगेच सांगितलं, आणि तेव्हापासून मला झोप नाही.

कारण निवडायचं कसं, राखादी? मी कॉलेजात इतिहास शिकवतो. अमक्या राजाने तमक्या सरदाराला का ठेवलं आणि दुसऱ्याला का घालवलं याची पाच कारणं मी झोपेतही सांगू शकतो. पण हे राजे कारणं नंतर शोधत असणार, अशी शंका मला या महिन्यात प्रथमच आली. मी रीतसर सुरुवात केली. आधी ठरवलं की शांत असतील ते ठेवायचे. त्या न्यायाने चिलीची गुलाबी पहिली. ती इतकी शांत आहे की गेल्या वसंतापासून तिने काही खाल्लेलं नाही, आणि मी दर दोन दिवसांनी डब्याला नाक लावून ती जिवंत आहे का ते बघतो. असा शांतपणा जवळ असला की माणूसच अशांत होतो, म्हणून तो निकष सोडला. मग ठरवलं, सौंदर्य. सर्वांत सुंदर निळी. पण ती बिळातून बाहेर येत नाही. चार वर्षांत मला तिचं तीनदा दर्शन झालं. केनेइलोए पाहुण्यांना सांगते की आमच्याकडे एक मातीचा डबा पाळलेला आहे आणि आम्ही त्याला जेवू घालतो. मग वाटलं, आधी आपल्या मातीतले. आपल्या माळावरची शिंगवाली, जिच्या पाठीवर खरंच एक शिंग आहे, तिला ठेवायलाच हवं. आपल्या कुळाचं चिन्ह बबून माकड, आणि या देशी कोळ्यांना सगळे बबून कोळीच म्हणतात, तेव्हा घरच्या माणसाला घालवून परदेशी ठेवले असं कोणी म्हणायला नको. (शिवाय देशी कोळ्याला सरकारी परवाना लागतो, आणि घेणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. परवान्याच्या कचेरीला उत्तर द्यायला जितका वेळ लागतो तितक्यात माणूस निवृत्त होतो. म्हणजे शिंगवाली माझ्या प्रेमामुळे राहिली की कायद्यामुळे, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.) भारतातल्या जंगलातून आलेली ती करड्या-पांढऱ्या नक्षीची तर काय वर्णावी! पण ती इतकी चपळ आहे की तिच्या डब्याचं झाकण उघडण्याआधी मी खोलीचं दार लावून घेतो, आणि दार लावून घेण्याआधी केनेइलोए घराबाहेर जाते. गयानाची मोठी जेवणाच्या बशीएवढी आहे आणि रागावली की पोटावरचे केस उडवते; त्यानंतर दोन दिवस मी वर्गात शिकवताना मान खाजवत असतो आणि मुलांना वाटतं साहेब विचारात आहेत.

थोडक्यात, प्रत्येक निकषाने वेगळे चार निघाले. तीन आठवड्यांत अकरांपैकी प्रत्येक जण एकदा तरी घरात राहिला आणि एकदा तरी घराबाहेर गेला. मला त्यांच्या डोळ्याला डोळा देववेना, आणि प्रत्येकाला आठ डोळे. केनेइलोएने एकदा कपडे वाळत घालता घालता विचारलं, "मला निवडायला किती दिवस लागले होते तुम्हाला?" मी म्हटलं, एक दुपार. "मग?" म्हटलं, तेव्हा मी निवडलंच नव्हतं, तुझ्या मामांनी विचारलं आणि मी घाबरून हो म्हटलं. ती हसली, पण टॉवेल जरा जोरात झटकला.

शेवटी शनिवारी ऊम सारेलकडे गेलो. तुम्हाला आठवत असेल, रेल्वेतून निवृत्त झालेला, सगळ्यांचा ऊम म्हणजे काका, तो उंच आफ्रिकानर म्हातारा, ज्याच्या गॅरेजात गाडी सोडून सगळं आहे. शनिवारी तिथे आम्ही कोळी पाळणारे जमतो, कडक बिस्किटं कॉफीत बुडवून खातो आणि एकमेकांच्या डब्यांतल्या मातीला नावं ठेवतो. ऊम सारेलला कधीही कसलीही शंका येत नाही. म्हणूनच मी त्याच्याकडे जातो, आणि परत येताना म्हणूनच पस्तावतो. माझी अडचण ऐकून तो म्हणाला, "प्रोफेसर, तू विचार करतोस हेच चुकतंय. घराला आग लागली तर पहिले कोणते चार डबे उचलशील? तेच तुझे. संपलं. बिस्किट घे."

हे मला पटलं. आग लावणं शक्य नव्हतं, पण मंगळवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी लोडशेडिंग झालं. जुलैच्या ऐन थंडीत वीज गेली की डब्यांखालच्या गरम चटया बंद पडतात आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीपाशी आणावं लागतं, हे आमच्याकडे नेहमीचंच. पण या वेळी मी मनाशी म्हटलं, मोलेफी, हीच तुझी आग. मी अंधारात धावत आत गेलो, विचार न करता चार डबे उचलले आणि छातीशी धरून स्वयंपाकघरात आलो. केनेइलोएने कंदील वर धरला. एका डब्यात गुलाबी होती (माझ्या धावपळीचा तिच्यावर काही परिणाम झाला नव्हता). दुसरा डबा मांडणीखालचा, रिकामा. तिसऱ्यात रातकिडे होते, म्हणजे कोळ्यांचं जेवण. आग लागली असती तर मी कोळी सोडून त्यांची भाकरी वाचवली असती. आणि चौथा, ज्याच्यावर मी सर्वांत आधी हात टाकला होता, तो सेइपातीचा.

इथे मला थांबून थोडं मागे जायला हवं, आणि तुम्ही बसून वाचत नसाल तर कृपया बसावं.

पाच नाताळांपूर्वी तुम्ही आमच्याकडे होता. मी नुकतीच आणलेली, मेक्सिकोच्या लाल गुडघेवाल्या जातीची पिल्लं तुम्हाला दाखवत होतो, आणि मक्याच्या दाण्याएवढ्या एका पिल्लाने आपल्याहून मोठा रातकिडा धरून पाडला. तुम्ही टाळी वाजवून म्हणालात, "हिला माझं नाव दे. ही कुणाचं ऐकणार नाही." नाव दिलं. मग रीतीप्रमाणे तुम्ही नावाच्या मुलीसाठी ब्लँकेट पाठवलंत, लहान मुलांना गुंडाळतात ते, मक्याच्या कणसांच्या नक्षीचं. ते आजही थंडीत तिच्या डब्यावर असतं. ऊम सारेलने तिने टाकलेली कात पाण्यात मऊ करून, उलटी करून, आतली खूण भिंगातून पाहिली आणि जाहीर केलं, मादी, शंभर टक्के. या जातीची मादी सहज पंचवीस वर्षं जगते. नर मात्र मोठा झाला की वर्ष-दीड वर्षात जातो. टॅक्सी स्टँडवर निरोप देताना मी तुम्हाला हे सांगितलं, तेव्हा तुम्ही पिशवी खाली ठेवून म्हणालात, "पंचवीस? मग मलाही थांबायला हवं. माझ्या नावाची मागे एकटी कशी राहील?" तेव्हा तुम्ही चौऱ्याहत्तरच्या होता. मला अंकगणित येतं, राखादी, पण त्या दिवशी मी ते केलं नाही. घरी येताना शीळ वाजवत आलो. तेव्हापासून फोनवर तुम्ही आधी तिची चौकशी करता, मी म्हणतो छान आहे, तुम्ही म्हणता, मग मीही छान आहे. आणि मे महिन्यात डॉक्टरांनी तुमच्या हृदयाला भूल झेपेल की नाही याबद्दलचं ते वाक्य सांगितलं तेव्हाही आपण दोघांनी हेच म्हटलं.

तर मंगळवारी, कंदिलाच्या उजेडात, सेइपाती डब्याच्या काचेला टेकून पुढचे दोन पाय वर करून उभी होती. गेल्या महिन्यात तिने कात टाकली होती, आणि त्यानंतर ती मला वेगळीच दिसत होती: पाय लांब, अंग बारीक, जेवणाकडे लक्ष नाही, दिवसभर येरझाऱ्या. मी समजत होतो थंडीमुळे. (मी पुष्कळ गोष्टींचं कारण थंडीच समजतो.) आता पुढच्या पायांच्या खालच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा पुढे, मला गळासारखे दोन आकडे दिसले. लहान, काळे, वाकडे आकडे. राखादी, हे आकडे फक्त मोठ्या झालेल्या नराला येतात. मी डबा खाली ठेवला. केनेइलोए म्हणाली, "चावली का?" मी म्हटलं, नाही, वाढला.

दुसऱ्या दिवशी ऊम सारेलला फोन केला. त्याने आधी तोंडातलं बिस्किट चावून संपवलं (त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच शंका असावी), आणि मग म्हणाला, "लहानपणीच्या कातीवरून कोण छातीठोक सांगू शकतं?" मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं. "मी तेव्हाही म्हटलं असेन, बहुतेक." मग त्याचा आवाज एकदम खुलला. किंबर्लीला तान्नी हेस्टर म्हणून एक बाई कोळी पाळतात, त्यांच्याकडे याच जातीची उपवर मादी आहे, दोन वर्षं स्थळ शोधताहेत, नर मिळत नाही. आमच्यात रीत अशी: नराने मादीच्या घरी जायचं, पिल्लं झाली की निम्मी नराच्या मालकाची. मात्र नवरदेव परत येईलच असं नाही. मादीला भूक असली तर लग्न आणि लग्नाचं जेवण एकाच वेळी उरकतं. "पण असाही तो पुढच्या थंडीपर्यंत राहणार नाही, प्रोफेसर. निदान मागे काही तरी राहील. आणि तुझा एक डबा कमी होतो!"

खरंच, एक डबा कमी होतो. शहाण्या माणसाने नेमकं हेच केलं असतं: चार निवडताना ज्याचं वर्षच उरलं आहे त्याला कोण जागा देतो? मी स्वतः दीर्घायुष्य हा पाचवा निकष लावला होता आणि त्यात सेइपातीला पहिला नंबर दिला होता. पण तुमच्या नावाला मी परक्या घरी खायला कसा घालू, तेही ऑपरेशनच्या महिन्यात? आणि ठेवलं, तर तुम्ही इथे पडल्या पडल्या विचाराल, माझ्या नावाची कुठे आहे, आणि मी बोळातल्या फळीकडे बोट दाखवून काय सांगू? मी शिकलेला माणूस आहे. फिक्सबर्गच्या बाईचं काळीज आणि ब्लूमफाँटेनच्या कोळ्याची कात यांचा काही संबंध नाही, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगेन. फक्त मला व्यासपीठावरून खाली उतरवू नका.

बुधवारी कॉलेज सुटल्यावर मी गावातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलो. तिथे लाल गुडघ्यांची पूर्ण वाढलेली, खात्रीची मादी होती. तिला आणावं, डब्यावर तुमच्या नावाची चिठ्ठी लावावी, वरून ब्लँकेट घालावं, कोणाला कळणार? मी काचेसमोर इतका वेळ उभा राहिलो की दुकानदाराने मला खुर्ची दिली. शेवटी आणली नाही. हे प्रामाणिकपणामुळे झालं असं वाटून घेऊ नये. ती मादी फार सालस होती. झाकण ठोठावलं तरी तिने पाय उचलला नाही. तुम्ही एका नजरेत ओळखलं असतं की ही तुमच्या नावाची नव्हे.

म्हणून हे पत्र. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. तुमच्या नावाची नर निघाली आहे, राखादी, आणि फार दिवस नाही. याचा तुमच्याशी काही संबंध नाही. नाहीच. ऑपरेशन उत्तम होणार आहे, डॉक्टर हुशार आहेत, मी त्यांना तीनदा भेटलो आहे (ते आता मला पाहून दुसऱ्या दाराने जातात). खोली तयार होते आहे.

तुमच्या भावाचा मुलगा,
मोलेफी

ता. क. एक छोटी विनंती होती, खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसलो होतो. चार ठरले आहेत: गुलाबी, शिंगवाली, निळी आणि गयानाची. सेइपाती त्यात बसत नाही. पण जो तुमच्या नावाचा आहे आणि ज्याला तुमचं ब्लँकेट आहे तो घरातला माणूस झाला, त्याला डब्यांत मोजायचं नसतं, असं तुम्ही केनेइलोएला सांगाल का? माझं ऐकून ती पाच करणार नाही. राखादीचा शब्द ती मोडणार नाही. हे मी सुचवलं असं मात्र म्हणू नये.

ता. क. २. केनेइलोएने पत्र वाचलं. (पाकीट चिकटवायला तिच्याकडे दिलं, ही चूक.) ती म्हणाली, "सहा पानं लिहिलीत, आणि तुम्हाला भीती वाटते हे एवढं एक वाक्य नाही." मी म्हटलं, आहे की, सगळीकडे तेच आहे. तरी तिच्या समाधानासाठी वेगळं लिहितो: राखादी, मला भीती वाटते.

ता. क. ३. पत्र टाकायला निघालो आणि तुमचा फोन आला. आंबील करायला ज्वारीचं पीठ तुम्ही आणायचं की इथे मिळतं, हे विचारायला. मग नेहमीप्रमाणे विचारलंत, माझ्या नावाची कशी आहे? केनेइलोएने माझ्या हातातून फोन घेतला आणि जे सांगायला मला सहा पानं लागली ते एका दमात सांगून टाकलं. तुम्ही इतका वेळ हसलात की मला वाटलं लाइन बिघडली. मग जे बोललात ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे मी बदलून आठवणार नाही. "आपल्या घराण्यात माझ्याशिवाय पुरुष होता कोण? निघाला तर निघाला! आणि पंचवीस वर्षं मी तुझ्यासाठी म्हटलं होतं रे, वेड्या. टॅक्सी स्टँडवर स्वतःचं तोंड पाहायला हवं होतंस. तुझे बाबा गेल्यापासून तू माझ्याकडे असा बघतोस, जसा गिऱ्हाईक दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतं. माझी कंबर बदलायची आहे, मोलेफी. जगले तर जगेन, कोळ्याला विचारून नाही." मग तुमचा आवाज एकदम घरातल्या थोरल्या माणसाचा झाला: वराकडच्या राखादीला न विचारता किंबर्लीला बोलणी करणारा हा सारेल कोण? मुलीला आधी पंधरा दिवस पोटभर खायला घाला म्हणावं, भुकेल्या सुनेपुढे नवरदेव उभा करतात का? लग्न तुम्ही आल्यावर, तुमच्या देखत ठरेल, आणि ब्लँकेट त्याच्याबरोबर जाईल. शेवटी म्हणालात, "आणि ती मांडणी हलवलीस तर बघ. सहा आठवडे मी काय भिंत बघत पडू? अकराच्या अकरा राहू देत. तुझे काका चाळीस वर्षं माझ्या शेजारी घोरले, ही बिचारी निदान गप्प असतात." केनेइलोएने फोन ठेवला आणि बोळातल्या फळीवर कांदे रचायला घेतले.

तेव्हा या पत्राची आता काही गरज उरलेली नाही. तरी टाकतो, वरचा नमस्कार वाया जाऊ नये म्हणून.

उद्याची आठवण, माझ्यासाठी: मांडणीच्या फळ्या खाली घ्यायच्या, राखादींना उशीवरून दिसतील इतक्या.